कूलरच्या खोलीतलं मिरचीचं रोप

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि वऱ्हाडात नवतपा लागतो. पुढचे नऊ दिवस अकोल्यात दुपारी कोणी कोणाच्या घरी जात नाही. २०२४च्या मे महिन्यात तर उन्हापायी जिल्ह्यात १४४ कलम लागलं. दंगलीच्या बातमीत ऐकायची सवय असलेलं कलम उन्हासाठी लागलेलं पाहून बाहेरगावच्या लोकांना नवल वाटलं. अकोलेकरांना फारसं वाटलं नाही. अडचण अशी की खरिपाच्या मिरचीचं बी टाकायचे दिवसही हेच. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात बी पडलं, तर चाळीसेक दिवसांनी, मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर, रोप लावणीला येतं. म्हणजे ४५ अंशांच्या दुपारी अशा बियाकडून उगवण्याची अपेक्षा करायची, जे ४० अंशांवर उगवतच नाही.

शेतकऱ्याकडे विहीर असते, झाडाची सावली असते, तीन मीटर लांब नि एक मीटर रुंद गादीवाफा असतो. जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाला असदगडाच्या आणि राजराजेश्वर मंदिराच्या आसपासच्या बोळांत राहणाऱ्याकडे यातलं काही नसतं. त्याच्याकडे असतो तापलेला स्लॅब किंवा एखादा उरलासुरला मातीचा धाबा, एखादी पूर्वेची खिडकी, तेलाचे रिकामे डबे आणि कूलर. मिरचीला एवढं पुरतं. मात्र यातली कोणती गोष्ट कधी वापरायची, हे उलटंपालटं झालं की बी वाया जातं.

घरात बी रुजवण्याबद्दलची बहुतेक पुस्तकं थंड मुलखात लिहिलेली आहेत. टोरांटोत किंवा लंडनजवळ राहणारी मराठी कुटुंबं फेब्रुवारी-मार्चमध्ये खिडकीतल्या हीटरवर मिरचीचे ट्रे मांडतात, कारण बाहेर मेपर्यंत रात्री हिमाचं भय असतं. तिथे ‘घरात’ म्हणजे ऊब. ‘ट्रे उबदार जागी ठेवा’, ‘दक्षिणेच्या खिडकीत ठेवा’, ‘रोज ऊन द्या’ हे सल्ले तिथे बरोबरच आहेत. ते जसेच्या तसे अकोल्याच्या मे महिन्यात लावले, तर आठवड्याभरात ट्रेमध्ये भाजलेली माती तेवढी उरते. आपल्याकडे बी घरात न्यायचं ते उन्हापासून लपवायला. बियाची मागणी मात्र दोन्हीकडे एकच आहे, आणि ती अगदी काटेकोर आहे.

अमेरिकेत भाजीपाल्याच्या बियांवर झालेली जुनी मोजमापं आहेत. त्यांत मिरचीचे आकडे असे: माती १५ अंशांवर असेल तर कोंब वर यायला २५ दिवस लागतात, २० अंशांवर १३ दिवस, २५ ते ३० अंशांवर जेमतेम ८ दिवस. ३५ अंशांवर ९ दिवस लागतात, पण उगवणाऱ्या बियांची संख्या घटू लागते. ४० अंशांवर शून्य, आणि खाली १० अंशांवरही शून्य. हे आकडे मातीच्या तापमानाचे आहेत, हवेच्या नव्हे. मेच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या ट्रेमधली माती हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. शंका असेल त्याने दुपारी दोन वाजता त्यात बोट घालून पाहावं.

मिरचीचं बी इतकं नखरेल का, याचं उत्तर त्याच्या रचनेत आहे. चपटं, पिवळसर बी आडवं कापलं तर आत गोल वळलेला गर्भ दिसतो, आणि त्याच्याभोवती अन्नसाठ्याचा जाड, घट्ट थर. मुगाला पाणी मिळालं की रात्रीतून मोड येतो, कारण त्याचं अन्न दोन डाळींमध्ये भरलेलं असतं आणि अंकुराच्या वाटेत पातळ सालाखेरीज काही नसतं. मिरचीच्या मुळाला मात्र आधी त्या थराचं टोक भेदावं लागतं. नुसत्या जोराने ते भेदत नाही. बी पाणी पितं, मग बरेच दिवस बाहेरून काहीच घडत नसल्यासारखं दिसतं. त्या काळात आत विकरं तयार होतात आणि मुळाच्या तोंडाशी असलेल्या पेशींच्या भिंती सैल करत जातात. हे रासायनिक काम आहे. गारठ्यात ते रेंगाळतं आणि फार उष्णतेत बिघडतं. चौथ्या-पाचव्या दिवशी माती उकरून ‘बी सडलं वाटतं’ म्हणणाऱ्यांनी आठवा दिवस तरी पाहावा.

आता कूलरकडे येऊ. विदर्भात एप्रिल लागला की कूलरचं गवत बदलणं हे घराघरातलं काम. या यंत्राचं गणित मिरचीच्या कामाचं आहे. बाहेर ४४ अंश आणि हवेतली आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक त्या हवेत साधारण २३-२४ अंश दाखवतो. पाणी उडून जाताना उष्णता ओढून नेतं, त्याची ही खालची हद्द. गवत चांगलं असेल तर कूलर या दोन आकड्यांमधलं जवळजवळ तीन चतुर्थांश अंतर कापतो. म्हणजे त्याच्या तोंडातून येणारी हवा २८-२९ अंशांची. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ती थोडी चढते, तरी तीस-बत्तिसाच्या घरात राहते, आणि बाहेरच्या फुफाट्यापेक्षा दमटही असते. रोपवाटिकेवाले ज्या हवेसाठी शेडनेट आणि फॉगर बसवतात, जवळपास तीच हवा. बाहेर कौलं तडकत असताना वऱ्हाडातली झोपायची खोली मिरची उगवायला अगदी बेताची असते, हे एरवी कोणाच्या लक्षात येत नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायच्या. ट्रे कूलरच्या झोतात नको. वारा सतत लागला की वरची माती दोन तासांत कोरडी पडते आणि फुगलेलं बी पुन्हा वाळतं. एकदा पाणी पिऊन जागं झालेलं बी वाळलं की बहुतेक वेळा गेलंच. म्हणून ट्रे खोलीच्या कडेला, पलंगाखाली ठेवला तरी चालतो, वर ओलं गोणपाट किंवा वर्तमानपत्र. मिरचीच्या बियाला उगवायला उजेड लागत नाही. दुसरं, रात्री तीनला कूलर बंद करून खिडक्या उघडायची सवय असली तरी बिघडत नाही. दिवसरात्रीच्या तापमानात थोडा फरक मिरचीला चालतो. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळाही मिरचीची उगवण २० आणि ३० अंशांच्या पाळ्यांमध्येच बघतात.

कूलर नसेल, किंवा वीज दिवसाआड जात असेल, तर माठाची तिवई. माठाखाली ओली वाळू ठेवायची पद्धत जुनीच आहे, आणि त्या वाळूत चुकून पडलेले गव्हाचे-मोहरीचे दाणे हिरवे झालेले सगळ्यांनी पाहिलेत. माठ पाझरतो, वाळू ओली राहते, पाणी उडत राहतं आणि तिथे खोलीपेक्षा चार-सहा अंश कमी असतात. चहाचे कागदी कप तळाला भोकं पाडून त्या वाळूत अर्धे रोवले की काम झालं. जुन्या वाड्यांच्या हातभर जाडीच्या मातीच्या भिंतीतली देवळीही अशीच. दिवसाचा ताप त्या भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र होते.

कोंब वर आला की मात्र सगळे नियम बदलतात. आधी मातीतून वाकलेली मान दिसते, पांढरट, दोऱ्यासारखी. मग ती सरळ होते आणि तिच्या टोकाला दोन लांबट, टोकदार बीजपत्रं उघडतात. कधी कधी बियाचं टरफल टोपीसारखं तसंच अडकून राहतं आणि पानं उघडत नाहीत. ते नखाने ओढू नये. ओल्या कापसाचा बोळा त्यावर घटकाभर ठेवला की टरफल मऊ पडतं आणि पानं स्वतःच ते ढकलून देतात. बी फार वर पेरलं तर हा प्रकार जास्त होतो. अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरलं, तर मातीच्या घासाने टोपी खालीच निघते.

या क्षणापासून रोपाला उजेड हवा, आणि भरपूर हवा. नवरात्रात देव्हाऱ्यासमोर घट बसतो, त्यातलं धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढतं आणि पिवळंधमक असतं. देवाला ते चालतं, किंबहुना तसंच लागतं. मिरचीचं रोप कूलरच्या अंधाऱ्या खोलीत चार दिवस जास्त राहिलं तर त्याचाही तसाच घट होतो. अंधारातलं रोप उजेड शोधत नुसतं लांबत जातं; पेशी वाढत नाहीत, ताणल्या जातात. अशी मान लांबलेली रोपं पुढे उन्हात ठेवून सुधारत नाहीत. म्हणून पहिली मान दिसल्याच्या दिवशीच ट्रे खिडकीत न्यायचा, सगळं बी उगवायची वाट पाहत बसायचं नाही.

कोणती खिडकी, इथे थंड देशातली पुस्तकं पुन्हा फसवतात. लंडन ५१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. अकोला २०.७ अंशांवर. मेच्या २३-२४ तारखेच्या सुमारास अकोल्यात शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर. तिथून पुढे जुलैच्या २० तारखेपर्यंत तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपल्या उत्तरेकडूनच फिरतो. म्हणजे नवतपा सुरू होता होता दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन यायचं बंद झालेलं असतं, आणि एरवी ओशाळवाणी असलेली उत्तरेची खिडकी सकाळ-संध्याकाळ ऊन खाऊ लागते. पंचांगवाल्यांनी रोहिणीचा आणि तापाचा मेळ घातला तो काही उगाच नव्हे. रोपांसाठी सगळ्यांत चांगली पूर्वेची खिडकी: सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन, मग नुसता लख्ख उजेड. पश्चिमेच्या खिडकीत मेमध्ये रोप ठेवणं म्हणजे त्याला तव्यावर बसवणं. बोळ इतका अरुंद असेल की समोरच्या घराचा छज्जा सगळा उजेड अडवतो, तर वीस वॉटची पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगायची आणि चौदा-पंधरा तास लावून ठेवायची. विजेचं बिल त्याने फार वाढत नाही. खिडकीपासून पाच फूट आत ठेवलेल्या रोपापेक्षा हे रोप बुटकं आणि जाड मानेचं होतं. दिवसातून एकदोनदा रोपांच्या शेंड्यांवरून हलका तळवा फिरवावा. वाऱ्याने हलल्यासारखं वाटून रोप उंचीपेक्षा खोडाकडे जास्त लक्ष देतं. वनस्पतिशास्त्रात हा परिणाम चांगला अभ्यासलेला आहे.

माती हा वऱ्हाडातला वेगळाच विषय. कपाशीची काळी कसदार माती रोपाच्या ट्रेसाठी मात्र जवळपास निरुपयोगी. ओली झाली की फुगते, चिकट होते, मुळांना हवा देत नाही. वाळली की आकसून ट्रेच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. तिच्यात तेवढीच वाळू आणि तेवढंच जुनं, भुसभुशीत शेणखत किंवा गांडूळखत मिसळावं. रोपवाटिकांत आता नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, वापरतात. साडेसहाशे ग्रॅमची वीट भिजवली की आठ-नऊ लिटर भुसा होतो. मात्र त्यात मीठ असू शकतं, म्हणून दोनदा धुऊन पिळावा.

माती आणली की तिला ऊन द्यायचं. बी लपवलं ते ऊन इथे उपयोगाला येतं. ओली माती पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत चार बोटं जाडीचा थर करून पसरायची, तोंड बांधायचं आणि एप्रिल-मेमध्ये दोन-तीन आठवडे गच्चीवर टाकायची. आतलं तापमान ५० अंशांवर जातं आणि रोपं मारणाऱ्या बहुतेक बुरश्या, तणांचं बी मरतं. इस्राएलमध्ये याकोव्ह काटान यांनी १९७६मध्ये ही पद्धत शास्त्रीय पातळीवर मांडली. त्यांना जे ऊन लागतं ते अकोल्यात फुकट आणि वारेमाप आहे.

हे सगळं कशासाठी, तर एका रोगासाठी. संध्याकाळी टवटवीत असलेली रोपं सकाळी आडवी झालेली दिसतात. पानं अजून हिरवीच असतात. जवळून पाहिलं तर खोड जमिनीलगत दोऱ्याएवढं बारीक, पाणचट झालेलं असतं. याला रोप कोलमडणे किंवा मर म्हणतात. पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरश्या त्याला मुख्यतः कारण. आमच्या बोळातल्या एक आजी सुनेला ट्रेमध्ये पाणी ओतताना पाहून म्हणायच्या, “अवं, इतकं पानी काहून टाकून राह्यली? बीले का पोहाले शिकवतं?” बी पोहत नाही हे खरं, पण पिथियम पोहतं. त्याच्या बीजाणूंना शेपटीसारखे दोन बारीक धागे असतात आणि मातीच्या कणांमधल्या पाण्याच्या पापुद्र्यातून ते पोहत मुळापाशी जातात. पाणी जास्त तर त्यांचा रस्ता मोकळा. म्हणून पाणी वरून शिंपडण्यापेक्षा ट्रे परातीत ठेवून खालून चढू द्यावं आणि वरची माती थोडी फिकी पडेपर्यंत पुन्हा देऊ नये. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी बियाला चोळून पेरली तर ती मुळांभोवती आधी ठाण मांडते. किलोला चार-पाच ग्रॅम असं प्रमाण असतं, म्हणजे घरच्या पन्नास बियांना नखभर पुरे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ती तयार होते. जुन्या बायका वर राखेची चिमूट टाकतात. त्याने वरचा थर कोरडा राहतो, पण राख अल्कधर्मी असते, थर देऊ नये.

पाणी किती, याच्याइतकंच पाणी कुठलं हे इथे महत्त्वाचं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. श्रावणात कावडीतून राजराजेश्वराला येतं ते गांधीग्रामचं पूर्णेचं पाणी. त्याच पूर्णेच्या खोऱ्यात बोअर मारला की मात्र खारं लागतं. मिरची मिठाच्या बाबतीत हळवी आहे. बी पाणी ओढतं कारण त्याच्या आत क्षारांची दाटी जास्त असते. बाहेरचंच पाणी खारट असेल तर ही ओढ कमी पडते, बी फुगतं पण फुटत नाही. फुटलंच तर पानांच्या कडा करपतात. तेव्हा रोपांना काटेपूर्णा धरणाचं नळाचं पाणी द्यावं. नळ चार-आठ दिवसांनी येत असला तरी वीस रोपांना दिवसाला तांब्याभर पाणी पुरतं.

बियाणं कोणतं घ्यावं, यावर बाजारातल्या पाकिटांवरची चित्रं पाहून ठरवू नये. कुंडीसाठी पुसा ज्वाला हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं वाण चांगलं आणि तिखट आहे. आपल्या विद्यापीठाचं ‘जयंती’ आहे. हे विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ला स्थापन झालं, तिथे मिरचीवर संशोधन करणारा स्वतंत्र विभागच आहे. राहुरीची फुले ज्योती घोसात लागते. विदर्भातली सर्वांत नावाजलेली मिरची नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी, तिला भौगोलिक मानांकनही आहे. रंग आणि तिखटपणा दोन्हींसाठी ती मसालेवाल्यांची आवडती. पाकिटावर उगवणीचा आकडा पाहावा. गव्हाच्या प्रमाणित बियाण्याला किमान ८५ टक्के उगवण लागते, मिरचीला नियमाने ६० टक्केच पुरते. म्हणजे दहातली चार न उगवली तरी दुकानदार दोषी नाही. प्रत्येक खाचेत दोन बिया टाकायच्या ते यासाठी. बी जुनं असेल तर वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात आणि सातव्या व चौदाव्या दिवशी मोजाव्यात.

स्वयंपाकघरातल्या वाळल्या लाल मिरचीचं बी उगवतं का, हा नेहमीचा प्रश्न. उन्हात वाळवलेल्या, एका हंगामाच्या मिरचीचं बऱ्याचदा उगवतं. ठेच्याच्या हिरव्या मिरचीचं नाही, कारण फळ लाल होईपर्यंत बी पक्व होत नाही. पण बाजारातली मिरची बहुधा संकरित वाणाची असते आणि तिच्या बियांतून निघणारी झाडं आईसारखी होतीलच असं नाही. एक लांब फळाचं, एक आखूड, एक बेचव. हौस म्हणून लावायला हरकत नाही.

मिरची फोडताना हात भाजतात आणि दोष बियांना देतात. बी स्वतः तिखट नसतं. तिखटपणा, म्हणजे कॅप्सेसिन, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात तयार होतो, आणि बियांना तो नुसता माखतो. पाण्यात तो विरघळत नाही, म्हणून बी काढल्यावर हात आधी तेलाने आणि मग साबणाने धुवावेत. हा तिखटपणा आहे तरी कोणासाठी? ट्यूक्सबरी आणि नाभान यांनी २००१मध्ये अमेरिकेतल्या रानमिरचीवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. उंदरासारखे सस्तन प्राणी मिरचीचं बी चावून मारतात, त्यांना तिखट सोसत नाही. पक्ष्यांना तिखट लागतच नाही, ते फळ गिळतात आणि त्यांच्या पोटातून गेलेलं बी उगवतं. बुलबुलाच्या कृपेने भिंतीच्या कडेला आपोआप उगवलेलं मिरचीचं झाड म्हणजे मूळची व्यवस्था. मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंतच्या मुलखातलं हे पीक सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याला उतरलं, आणि आज मिरचीशिवायचा वऱ्हाडी ठेचा कल्पनेतही येत नाही.

खिडकीत ठेवलेल्या रोपांचा शेवटचा शत्रू खिडकीतूनच येतो. पानं आकसून गोळा होणं, ज्याला शेतकरी बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात, ते एकाच कारणाने होत नाही. फुलकिड्यांनी रस शोषला की पानांच्या कडा वर वळतात, कोळ्यांनी शोषला की खाली. पांढऱ्या माशीने विषाणू आणला तर शेंडाच खुजा होतो, आणि त्यावर औषध नाही. कपाशीच्या मुलखात पांढऱ्या माशीला तोटा नाही. विषाणू जितक्या कोवळ्या वयात शिरेल तितकं नुकसान मोठं, म्हणून पहिले ३५-४० दिवस रोप जाळीत असणं हाच खरा इलाज. शेतावरच्या वाफ्यांवर यासाठीच ४० मेशची बारीक नायलॉनची जाळी लावतात. मच्छरदाणीचं भोक पांढऱ्या माशीला मोठं पडतं. घरात वाढवलेल्या रोपाला हा आडोसा मिळतो, तरी खिडकीला बारीक जाळीचा तुकडा लावलेला बरा.

जूनच्या मध्यावर पाऊस आला की हवा दमट होते, पाणी उडायचं थांबतं, कूलर नुसता पंखा होतो. तोपर्यंत रोपांना चार-सहा पानं आलेली असतात. दहा दिवस ती रोज थोडी जास्त बाहेर ठेवायची: पहिल्या दिवशी तासभर सकाळचं ऊन, मग वाढवत जायचं. घरातल्या पानांची त्वचा पातळ असते, एकदम उन्हात नेली की पांढरे चट्टे पडतात. मग पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला तळाशी भोकं पाडून, संध्याकाळी, एका डब्यात एक रोप. पहिली दोन-चार फुलं खुडून टाकली तर झाड आधी पसरतं.

ढोबळी मिरचीची गोष्ट वेगळी आहे. तिला रात्री गार लागतात, उन्हाळ्यात फूल गळतं. तिचं बी ऑगस्टच्या शेवटी टाकावं, म्हणजे फळं हिवाळ्यात लागतात. डिसेंबर-जानेवारीत काही पेरायचं असेल तर अकोल्यातही रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो आणि पुस्तकातला सल्ला एकदम खरा ठरतो: तेव्हा ट्रे फ्रिजच्या डोक्यावर, चुलीच्या ओट्यावर, दक्षिणेच्या खिडकीत.

पुढच्या वर्षाचं बी घरचंच धरायचं असेल तर मिरची शेजाऱ्याशी संकर करते हे लक्षात ठेवावं. मधमाश्या आणि इतर किडे पराग इकडून तिकडे नेतात. बियाणं पिकवणारे प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांमध्ये २०० मीटर अंतर ठेवतात, आणि जुन्या शहरात दोन गच्च्यांमध्ये २०० सेंटिमीटरही नसतं. ढोबळीशेजारी लवंगी असेल तर त्या वर्षीची ढोबळी तिखट होत नाही, कारण फळाचा गर आईचा असतो. पण तिचं बी पेरलं तर पुढच्या वर्षीची ढोबळी तिखट निघू शकते, कारण तिखटपणा हा प्रभावी गुण आहे. म्हणून एका फांदीवर कळ्या उमलण्याआधी मलमलची पिशवी बांधायची, अधूनमधून फांदी हलवायची म्हणजे फुलाचा पराग फुलावरच पडतो, फळं धरली की पिशवी काढून फांदीला दोरा बांधायचा. ती फळं पूर्ण लाल आणि किंचित सुरकुतली की बी काढून सावलीत वाळवायचं आणि काचेच्या बाटलीत वाणाचं नाव आणि वर्ष लिहून ठेवायचं. घरच्या हवेत ते दोन वर्षं चांगलं टिकतं, तिसऱ्या वर्षी फडक्यात उगवण तपासूनच पेरावं.